स्टेशन मुरवताना

पुठ्ठ्याचं स्टेशन तयार झालं तेव्हा
लग्नघरात चुकून शिरल्यासारखं दिसत होतं.
भिंती पिवळ्याजर्द, कौलं एकजात लाल,
पाटीवर 'बोरखडी', माझ्याच हातचं,
तीस वर्षं दुकानांची नावं रंगवलेला हात,
एक वेलांटी थरथरलेली नाही.

देवमनजी ढोके आले, रिटायर पॉइंट्समन.
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
म्हणाले, "झकास हाये. पण हे बोरखडी नाई.
अथी आजून कोनी थुकलंच नाई."

मग माझी शाळा सुरू झाली.
मी, ज्यानं जन्मभर जुन्याचं नवं केलं,
गंज खरवडून, प्रायमर मारून
दर दिवाळीआधी अर्धा तालुका चकचकीत करून दिला,
तो मी चहाचा चोथा दुसऱ्यांदा उकळत बसलो
भिंतीला पावसाचे ओघळ द्यायला.

ओघळ सरळ येत नसतात.
पन्हाळ फुटली असेल तिथून निघतात,
खिळ्यापाशी थांबतात, खिळ्याचा गंज उचलतात,
मग तांबूस होऊन खाली उतरतात.
पाणी कुठून येतं ते आधी ठरवायचं, ब्रश नंतर;
हे तिसरी भिंत नासल्यावर कळलं.

कौलांना चिमणीची काजळी,
तीही इंजिन थांबायचं त्याच अंगाला.
जोत्याला काळी माती वीतभर,
म्हणजे आमच्या मापात ज्वारीच्या दाण्याएवढी,
कारण इकडचा पाऊस खालूनही पडतो.
मालधक्क्याच्या तारेला कापूस:
उशीतून ओढलेला एक तंतू, फुंकरीनं अडकवलेला.
खिडकीवर ओल्या रंगात मीठ पेरलं,
वाळल्यावर झटकलं,
तर पोपडे असे उडाले
की माझा हात आपोआप पुट्टीच्या डब्याकडे गेला.

"बाक पुरा मळवू नोको," देवमनजी म्हणाले.
"मंधात दोन जागा घासून ठेवजो.
एक फुटानेवाल्या कौतिकाबाईची.
दुसरी मोकळीच राहे. पण घासेल होती."
कोणाची, ते मी विचारलं नाही.
पॉलिश पेपरनं दोन ठिपके उजेड केला.

राहिला रूळ.
रूळ म्हणजे मोडक्या छत्रीच्या काड्या.
परवाच खरा रूळ पाहून आलो होतो,
तरोट्यात बुडालेला, त्याला कोणाची तरी शेळी बांधलेली.
म्हणून गेरू, हळद, जरासं डांबर
वरपासून खालपर्यंत सारखं फासलं.
माझ्या मते हे सगळ्यात खरं काम होतं.

देवमनजी बराच वेळ वाकून पाहत राहिले.
मग अंगठा जिभेला लावला
आणि रुळाच्या डोक्यावरून,
सिग्नलपासून मालधक्क्यापर्यंत,
सावकाश ओढत नेला.
कुशी तांबड्याच राहिल्या.
वर एक रेघ निघाली, सुईएवढी, लखलखीत.
"गाडी जाते न अथून," म्हणाले.
"बाकी कितीबी जुनं करजो."

आता श्रावण लागलाय, दुकानात ओल आहे.
काड्यांवर खरा गंज चढतोय,
माझ्या गेरूला चिकटून, आणि
माझा कुठं संपतो, हवेचा कुठं सुरू होतो
हे मला, पेंटरला, सांगता येत नाही.

दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
वांग्यांची पिशवी दारात टेकवून
देवमनजी आत येतात.
भाव काय लागला ते सांगतात.
अंगठा ओला करतात.
मी त्यांच्याकडे स्टूल सरकवतो.
स्टुलाचा मधला रंग गेलाय;
तो मी काढलेला नाही.