पाव किलो, अंदाजे

लस दोन ते आठ अंशांत ठेवायची असते,
म्हणून वारज्याच्या पुलाखाली बर्फ घेतला,
मासळीवाल्याकडचा, वासाचा,
आणि इलियासच्या जीपमध्ये डबा मांडीवर धरून बसले,
सांडणाऱ्या आमटीसारखा.

पानशेत मागं पडलं की रस्त्याचं डांबर संपतं
आणि फोनची रेंजही.
वळणावर फलक : ‘गवे हटवा, गुरे वाचवा.’
खाली डेअरीचं नाव, सेक्रेटरी निवंगुण्यांचा नंबर.
इलियासनं नंबर उतरवून घेतला.
म्हणाला, कधीतरी बोलावं लागेलच ना.

धनगरवाड्यावर ठकूबाई मरगळे दारात उभ्या,
हातातल्या काठीपेक्षा सरळ.
“सुईनं दूध आटतंय.”
दोन दिवस, मी म्हटलं, फार तर तीन.
“त्या तीन दिसांचं लिटर तू घालशील का डेअरीला?”
माझ्याकडं उत्तर नव्हतं, पत्रक होतं.
त्यात लाळ्या-खुरकुताचं चित्र, जिभेवरचे फोड,
आणि मीच लिहिलेलं एक वाक्य :
रोग गोठ्यातून रानात जातो, रानातून गोठ्यात येतो.
लिहिताना फार आवडलं होतं मला ते.
ठकूबाईंनी पत्रक चुलीपाशी ठेवलं,
विस्तवाच्या इतकं जवळ, की माझं मी समजून घ्यावं.

रात्री राहिलो.
पाणवठ्याभोवती तार ओढणार, लाइनीवर आकडा टाकणार,
अशी खालच्या गावात कुणकुण होती.
तार कुणाला ओळखत नाही, गव्याला नाही, म्हशीला नाही,
पहाटे हंडा घेऊन निघालेल्या पोरीला नाही.
हे निवंगुण्यांना माहीत नसेल असं नाही.
त्यांच्याही दोन गाई गेल्यात, पोटुशी होत्या,
आणि कशानं गेल्या ते
आमच्यापैकी कुणी तपासायला गेलं नव्हतं.

इलियास झाकणात चहा ओतत होता. मी मोजत होते.
म्हशी अकरा.
सांजेला ठकूबाईंनी मोजल्या तेव्हाही अकरा.
चंद्र कलला, पुन्हा मोजल्या.
बारा.

बारावं जनावर म्हैस नव्हतं.
पाठीवर डोंगराची एक सोंड तशीच राहून गेलेली,
आणि गुडघ्याखाली चारही पाय पांढरे,
जसं काही डेअरीच्या हौदातून चालत आलं असावं.
म्हशींसाठी खडकावर टाकलेलं मीठ
गवा चाटत होता.
खर्र, खर्र. लाकडावर कानस चालावी तसं.
पाखरी म्हैस शेजारीच रवंथ करत होती,
नवऱ्याकडच्या पाहुण्याकडं बघावं
तेवढंच त्याच्याकडं बघत.

ठकूबाई कधी बाहेर आल्या, कळलं नाही.
काठी होती हातात. उगारली नाही.
बराच वेळ गेला. मग, स्वतःशीच :
“मीठ खाल्लं की गं मेल्यानं.”
आणि आत जाता जाता,
“आता जागावं लागंल.”
कुणी, ते मी विचारलं नाही.

उजाडल्यावर त्यांनी पाखरीला खुंट्याला आवळून बांधलं.
“हिला हळू टोच. लाडाची हाय.”
अकराच्या अकरा झाल्या. बर्फाचं पाणी झालं होतं.
तार आलीच, पण त्यांच्या पाणवठ्यावर नाही,
पलीकडच्या खोऱ्यात. तिथं आमचं कुणी नव्हतं.
परतताना इलियासनं निवंगुण्यांना फोन लावला.
तीनदा कट झाला. चौथ्यांदा पलीकडून म्हणाले,
गाईंचं बघायला येता का आधी?
येतो, म्हणाला.

सोमवारी, शिवाजीनगरच्या कचेरीत,
वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीचा फॉर्म भरला.
पीक : नाही. पशुधन : नाही.
इतर : मीठ, पाव किलो, अंदाजे.
मागणी : काही नाही, फक्त नोंद व्हावी.
कारकून लेले यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं,
मग फॉर्मकडं, मग पुन्हा माझ्याकडं.
“बारीक, की खडे?”
खडे, मी म्हटलं.
त्यांनी तेही लिहून घेतलं.