उणे ऐंशी

खैरनार मॅडमनी मागणीपत्रात लिहिलं होतं: उणे शहाऐंशी.
मी खरेदी विभागाचा गायधनी,
मला थंडी ठाऊक ती निफाडची,
बागेत रात्रभर शेकोट्या जळतात
आणि सकाळी पेपरात आकडा येतो, तेवढीच.
एवढ्या गारठ्यात ठेवायचंय काय, विचारलं.
म्हणाल्या, केवडा.

मला देवघरातलं पान आठवलं.
हा तो नव्हे. हा द्राक्षाचा.
पानाच्या पाठीवर पांढरी लव,
आठ दिवसांत बाग काळी.
दिंडोरी, चांदवड, पिंपळगाव,
सात हंगामांची पानं चिठ्ठ्या लावून कुप्यांत,
आणि जुना फ्रीजर रात्रभर कण्हतो,
रंगनाथ वॉचमन उठून त्याला थोपटतो.

पोर्टलवर शोधलं. वर्गवारी एकच: डीप फ्रीजर.
शहाऐंशीपर्यंत जाणारी कंपनीही एकच निघाली,
आणि एक म्हणजे आमच्याकडे शून्याहून वाईट.
तीन हवेत. तिघांतला सर्वांत स्वस्त हवा.
लेखा शाखेची चिठ्ठी आली:
अट विशिष्ट उत्पादकाकडे झुकते, शिथिल करावी.
मी शिथिल केली.
खाडाखोड न करता, सुवाच्य अक्षरात:
उणे वीस किंवा त्याहून कमी.

का केली, तेही सांगतो.
सत्त्याण्णव साली याच इमारतीत
अकरा सूक्ष्मदर्शक आले, तिप्पट भावानं,
शालिमारच्या दुकानातून. दुकान साहेबांच्या साडूचं.
खोकी कुणी फोडलीच नाहीत.
सही मात्र हेडक्लार्क दाणींची,
ज्यांनी त्यातला चहासुद्धा घेतला नव्हता.
निलंबनात असताना मला सीबीएसवर भेटले,
बसची वाट बघत, हातात पालकाची जुडी.
म्हणाले, गायधनी, नियम नुसता वाचू नकोस. पांघर.
तेव्हापासून पांघरतोय. उन्हाळ्यातसुद्धा.

एकतीस मार्च, रात्री साडेनऊ, टेम्पो आला.
फ्रीजरच्या झाकणावर पिस्ता कोनाचं चित्र.
मॅडम बोलल्या नाहीत.
झाकण उघडून आत हात धरला,
आजाऱ्याच्या कपाळावर धरतात तसा.
मी चलनावर लिहिलं: सुस्थितीत मिळाला.
आणि ते खोटंही नव्हतं.

मे महिन्यात, शनिवारी दुपारी लाइट गेली.
लाइट आली, जुना फ्रीजर आला नाही.
रंगनाथचा फोन: साहेब, तो कण्हत नाहीये.
सातपूरहून कोरडा बर्फ आणला,
माझ्या खिशातून. बिल मागितलं नाही.
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बिल मागितलं नाही.
मॅडमच्या स्कूटीवर मागे मी,
मांडीवर थर्मास, डोक्यावर ओला रुमाल,
ओझरच्या पुढे ट्रकांच्या धुरातून.
साहित्य बाहेर न्यायला परवाना लागतो.
तो मीच देतो. घरी बसून देता येत नाही.

निफाडला जनावरांच्या दवाखान्यात
नायट्रोजनचं भांडं आहे, कृत्रिम रेतनाचं.
डॉक्टर ढिकलेंनी झाकण उचललं, वाफ सांडली
त्यांच्या चपलांवर, माझ्या चपलांवर.
उणे एकशे शहाण्णव.
ना निविदा, ना तीन दरपत्रकं.
जागा आहे, म्हणाले, ठेवा की.
डांगी आणि जर्सी बैलांच्या कांड्यांमध्ये
सात हंगामांचा केवडा गपगार उभा राहिला.
परतताना मॅडमनी उसाचा रस पाजला.
मी म्हणालो, शिथिल मीच केली होती.
म्हणाल्या, अक्षर ओळखलं होतं मी.

ऑडिट झालं. आक्षेप निरंक.
कोनवाल्या फ्रीजरात आता पाण्याच्या बाटल्या
आणि रंगनाथच्या कैऱ्या असतात.
फक्त साठा नोंदवहीत एक रकाना आहे:
वस्तू सध्या कोठे आहे.
तिथं पेन अडतं.
बैलांपाशी, असं लिहिता येत नाही.

पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.