चौदा नंबरचा चेहरा

आधी प्लॅस्टरचं डोकं मोजलं.
दहा वेळा. दहाही वेळा तेच.
नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत
केसाएवढाही फरक नाही.
प्लॅस्टरला रात्रपाळी नसते.

मग माणसं.
सांगली-मिरज रस्त्यावरच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
पडदे ओढलेल्या खोलीत
सहा कॅमेरे आणि एक फिरतं स्टूल.
मी काजळाच्या पेन्सिलीनं ठिपके देते,
नाकाच्या मुळाशी, ओठांच्या कोपऱ्यांना, हनुवटीच्या टोकावर.
एकदा कॅलिपरनं, एकदा कॅमेऱ्यानं,
आठवड्यानं पुन्हा दोन्ही.
तिसांतली चौदावी जुलेखा नदाफ, वय सतरा,
सावळजहून दोन एसट्या बदलून आलेली,
वरचे दात पुढं,
ओठ मिटायला कष्ट पडणारे.

कॅलिपरचं टोक गालाला लागलं
तशी म्हणाली, "दाबू नगासा मॅडम,
दाबलं की माप खोटं येतंय."
तुला गं कसं ठाऊक?
"आमी द्राक्षं मापतोय की. पॅकिंगला."
तिनं बोटानं हवेत पट्टी काढली,
सोळाचं भोक, अठराचं भोक.
मणी आपणहून खाली गेला तर त्याचं माप खरं,
रेटला तर कशातनंबी जातोय.
"अन् बोट लागलं की वरची पांढरी भुकटी जाती.
ती गेली की माल परत."

आमच्या गाईडांनी हेच सांगायला
अख्खा तास आणि बत्तीस स्लाइड घेतल्या होत्या.

कॅमेरा हात लावत नाही.
पापणी लवायच्या आत सारं टिपून घेतो.
पडद्यावर तिचा चेहरा फिरू लागला,
राखाडी, बिनकेसांचा,
बारीक त्रिकोणांच्या जाळीत विणलेला.
जुलेखा बघत राहिली,
वळून पाठ दिसली तशी म्हणाली,
"मागनं पोकळ हाय की मी."

आठवड्यानं परत आली.
ठिपके तिथंच, दिवे तेवढेच, स्टूल तेच
आणि आकडे भलतेच.
ओठाच्या कोपऱ्याशी पावणेदोन मिलिमीटर,
डोळ्यांखाली त्याहून जास्त.
मी यंत्र पुन्हा जुळवलं. प्लॅस्टरचं डोकं आणलं,
ते आपलं अचूक.
मग पडदा सारून तिच्याकडं बघितलं,
नुसतं.
पापण्या सुजलेल्या. गाल जड.
"कंटेनर भरायचा हुता. दोन रात्री झाल्या.
आन् अब्बास्नी..."
पुढचं तिनं ओठ मिटून आतच ठेवलं.
हनुवटीची कातडी गोळा झाली
लिंबाच्या सालीसारखी.
ते माप मी घेतलं नाही.

गाईड म्हणाले, चौदा वगळा.
एकोणतीसनं काही बिघडत नाही,
सरासरी छान आलीय.

परवा तिनं कुणाच्या तरी हाती डबा पाठवला,
पट्टीतनं खाली पडलेले मणी,
परदेशी न चालणारे.
तो शेजारी ठेवून मी तक्ता पुरा केला.
कॅमेऱ्याची चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत, ग्राह्य.
चौदा नंबर तसाच ठेवला
आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं,
'दोन्ही मापं बरोबर आहेत.
मधे एक आठवडा गेला.'

ती ओळ दोनदा लाल शाईत खोडून आली.
आज तिसऱ्यांदा पाठवली.