बारा मीटर

नव्या गाडीबद्दल माझं मत विचारू नका,
असं मी आधी म्हणतो.
मग सांगतोच.

रायबंदरच्या धक्क्यावर एकवीस वर्षं
हात वर करून मी गाड्या बोटीत घेतो:
यो, यो, आनी मात्शें… राव!
कंपनीवाले म्हणे बर्फात चाचणी घेतात, वाळवंटात घेतात.
एकदा ओहोटीला इथे या म्हणावं.
पाणी उतरलं की रॅम्पला असा कल येतो
की जाहिरातीतली वाघीण
पोट घासत, कण्हत
गाभण म्हशीसारखी आत शिरते.

ही परवाच पेपरात आलेली.
पुढून बघा, दात विचकलेत.
सगळ्यांना हल्ली रागावलेलं तोंड कशाला हवं?
जायचंय चोडणला,
मावशीकडे, फणस पोचवायला.

आणि रुंदी!
दोन ओळींत बारा बसायच्या, आता नऊ.
नदी तेवढीच, बोट तेवढीच,
आतली माणसंही, मी वाकून पाहिलंय,
एका गाडीत एक.

एसीचं बटण कुठे गेलं ते मला कोणी सांगेल का?
काचेच्या पाटीवर बोट सरकवत तीन पानं उलटायची.
माझ्या अंगठ्याला ग्रीस. काच मला ओळखत नाही.
पूर्वी ड्रायव्हर माझ्या डोळ्यांत बघून मागे यायचा,
आता पडद्यावर माझी कंबर बघून येतो.

स्टेपनी काढली. तिच्या जागी फेसाची डबी.
हिला प्रगती म्हणणाऱ्याला
खारफुटीच्या रस्त्यावर रात्री साडेअकराला
पंक्चर व्हावं.
शाप नाही, सूचना आहे.

शनिवारच्या पानावर होतं: लांबट गाड्यांना गिऱ्हाईक नाही,
आणखी एक बंद होणार.
मी ते पान सिपियांवला वाचून दाखवलं.
तो सुकाणूवरून म्हणाला, "मगे?"
मगे काय.
तिला पाठ होती. डिकी होती, माजघरामागच्या कोठीसारखी.
नव्यांना नुसतं डोकं आणि पोट.
दोतोर कुंकळ्येकर त्यांची पांढरी घेऊन यायचे,
टायर लोखंडावर टेकताना कपातला चहासुद्धा हलला नसता.

बरं, ऐका.
माझ्याकडे गाडी नाही.
सायकल आहे, तिची चेन खाऱ्या वाऱ्याने खाल्ली.
पण घाबरलेली माणसं किल्ली माझ्या हातात देतात.
नियमात बसत नाही, सिपियांव तेव्हा पाणकावळे मोजतो.
धक्का, उतार, लोखंड, ब्रेक:
बारा मीटर.
असं मी सगळं चालवलंय,
लाखाचं, चाळीस लाखांचं,
पहिल्या गिअरमध्ये.
दुसरा कसा पडतो
ते वाचून माहीत आहे.

मंगळवारी शेवटच्या फेरीला ग्लेन्डाबाय आली,
हिरव्या नंबरप्लेटची, कोरी, सीटवर प्लॅस्टिक तसंच.
"तूंच व्हर रे, म्हाका भंय दिसता."
बसलो. बटण दाबलं.
काहीच झालं नाही.
पुन्हा दाबलं, तर ती म्हणाली, चालू होती, तू बंद केलीस.

बोटीचं इंजिन अजून सुरू व्हायचं होतं.
पाय नुसता ठेवला
आणि खालचा धक्का मागे जाऊ लागला.
चिखलात खेकड्यांची टिकटिक,
खांबाला लागणारं पाणी,
कोणीतरी आगपेटी ओढली ती काडी.
एकवीस वर्षं नदीवर,
पण स्टिअरिंगमागे बसून नदी पहिल्यांदा ऐकली.

डावा हात सवयीने खाली गेला.
तिथे गिअर नव्हताच.
ना पहिला, ना दुसरा.
म्हणजे मला जे येत नव्हतं
ते आता कोणालाच यायची गरज नाही.
याचं काय करायचं, हात तिथेच ठेवून
मी थोडा वेळ बसलो.

"राव!" बाहेरून बाबुसो ओरडला,
माझाच शब्द, माझ्याच सुरात.

तरी मत असं:
वजन फार, रॅम्प कुरकुरतो.
हॉर्न शेळीसारखा.
सीट उत्तम.
चोडणला चार्जिंग कुठे करणार,
हे तिला विचारायचं राहून गेलं.