खालचा खण

मेरो क्रीकच्या सरकारी शेतकी कचेरीत
पहिली काळी टाइपिस्ट मी.
चौऱ्याऐंशी साल, फेब्रुवारी.
चर्चमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या,
बुटांचे पैसे आईनं साखरेच्या डब्यातून मोजून दिले होते.

टेबलावर तारखेचा रबरी शिक्का,
जांभळी शाई. टेबलाला तीन खण.
प्रुइटसाहेबांनी समजावलं,
आवाज न चढवता, जवळजवळ मायेनं:
"शिक्का पडला की दिवस मोजले जातात, डेल्फीन.
म्हणून घाई नाही करायची.
मी सांगेन त्यावर मारायचा,
बाकीचे खालच्या खणात."

बाकीचे म्हणजे कोण
हे मला विचारावं लागलं नाही.

तीन एप्रिलला ओसिओला बॅट्स आले.
सव्वीस एकर, भुईमूग.
भिंतीलगतच्या डुगडुगत्या खुर्चीत
टोपी मांडीवर, टाचा जुळवलेल्या,
नखांत नॉर्थ कॅरोलायनाची करडी रेताड माती.
अर्ज दोन्ही हातांनी पुढे केला,
तान्हं मूल दुसऱ्याकडे देतात तसा.
मी घेतला. हसले.
पायानंच खालचा खण ओढला.

त्याच सकाळी हार्लन वेनराइट,
बाहेर ट्रक चालूच,
उभ्या उभ्या अर्ज, उभ्या उभ्या कॉफी.
ठप्प.
केवढा आवाज होतो त्या शिक्क्याचा!
बॅट्सनी मान वळवून पाहिलं.
मग खिडकीबाहेर.

वाफसा कुणासाठी थांबत नाही.
ओल आणि ऊब यांचं जमतं ते थोडे दिवस,
मग जमीनही तोंड फिरवते.
मे लागला, मे सरला.
बॅट्स दर सोमवारी यायचे,
"काही कळलं?"
"साहेब मीटिंगमध्ये आहेत."
हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं
की रात्री कुणी दार वाजवलं
तरी झोपेत तेच निघायचं.

अकरा जुलैला साहेब म्हणाले, मार आता.
मी मारला. ठसठशीत, जांभळा, अकरा जुलै.
आता कागदापुरते बॅट्सच उशिरा आले होते.
शेरा माझ्याच यंत्रावर उमटला:
पेरणी उलटल्यावर अर्ज, सबब नामंजूर.
एकही अक्षर चुकलं नव्हतं.

एक करत होते मी. का, ते नाही सांगता यायचं.
घरी गेल्यावर, बूट काढायच्या आधी,
आईच्या पीच मुरंब्याच्या वहीत मागच्या पानापासून लिहायचे:
३ एप्रिल. बॅट्स. भुईमूग, २६.
९ एप्रिल. लुटिशा स्पेट, नवरा वारला. कापूस, ४०.
१७ एप्रिल. पुन्हा स्पेटबाई. रडल्या नाहीत.
मुरंबे पुढून येत होते, माणसं मागून.
मधे कुठेतरी पानं संपली,
तेव्हा पुठ्ठ्यावर लिहिलं.

पंधरा वर्षांनी चर्चच्या तळघरात
रालेहून वकीण आली, खोकी घेऊन.
रांग जिन्यापर्यंत.
अर्ज कधी दिला होतात? पुरावा?
तुमच्याच इतकी जमीन असलेला, कर्ज मिळालेला
एखादा गोरा शेतकरी, नाव सांगाल?
नावं सगळ्यांना पाठ होती.
तारखा कुणाकडे असणार?
बॅट्स घडीच्या खुर्चीत, टोपी मांडीवर.
त्यांच्या सव्वीस एकरांत आता पाइन उभे आहेत,
रांगेत, वेनराइटचे.

मी वही टेबलावर ठेवली.
पानांना अजून साखरेचा चिकटपणा.
वकिणीनं चष्मा वर केला.
"आणि तुम्ही यात कोण?"

मी तोंड उघडायच्या आत बॅट्स म्हणाले,
"ती? ती हसायची.
त्या कचेरीत हसून बोलणारी ती एकटीच.
मला वाटायचं, आत आपलं माणूस आहे."

टोमणा असता तर बरं झालं असतं.

वकीण लिहू लागली, तीन एप्रिल,
साधं बॉलपेन, आवाज कसला होणार.
तरी बॅट्सनी मान वळवली.
मी हात टेबलाखाली घेतले.