मापाला उभा माणूस

यंदा राजा नाही. यंदा उकिरडा खणतोय:
शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबांनी
थडगं मोकळं करताना उताराला लोटलेली माती.
त्यांनी ती चाळली नव्हती.
घाई होती. सोन्याला चाळणी लागत नाही.

मी कनावी, कुफ्त गावचा.
आमच्याकडे रांगतं मूल माती खातं
तेव्हा कुणी ओरडत नाही,
विचारतात, कुठल्या थराची?

पहाटे साडेपाचला डोंगर अजून निळा असतो.
चहा काळा, तळाशी बोटभर साखर.
मग तुरिया चालते, आमची आखूड दांड्याची कुदळ,
आणि टोपल्या रांगेनं उताराला लागतात.
हल्ली त्या टायरच्या रबराच्या.
तुटत नाहीत, पण मुक्या.
खजुरीच्या पातीची टोपली रिकामी होताना
सुस्कारा टाकायची, वडील सांगत.

चाळणीवर दोन पोरं.
निळ्या मण्यांचा चुरा,
राळेचा वास अजून न सुटलेली कापडाची पट्टी,
सार्डिनच्या डब्याचं झाकण,
उंदराचं एक हाड.
"डोंगर पोखरून!" मी म्हणतो. पोरं हसतात.
हाड पिशवीत जातं. त्यालाही नंबर.

मंगळवारी टोपलीचा कान निघाला.
नुसता कान, टोपली नाही.
दोरीला पीळ उलटा, डावखुऱ्याचा,
आणि तुटल्या जागी गाठ,
गाठीवर आणखी एक आडवी.
आमच्या घरात शेळी अशी बांधतात.
दुसऱ्या कुणाच्या घरात मी पाहिली नाही.

आजोबांचा एकच फोटो आहे, मिशनच्या जाड पुस्तकात.
शवपेटीशेजारी ताठ उभे, उन्हानं डोळे मिटलेले.
खाली छापलंय: पेटीची लांबी, खड्ड्याची खोली,
डोकं कुठल्या दिशेला (मुडद्याचं).
त्यांच्याबद्दल काही नाही.
ते मापाला उभे होते,
पेटी केवढी मोठी ते कळावं म्हणून.
बक्षिसाच्या वहीतही शोधलं:
मण्यांची माळ, दोन पियास्टर,
टोपली नंबर चौतीस.

नाव शहात. शहात म्हणजे भिकारी.
आधीची चार पोरं गेली
तेव्हा आईनं मुद्दाम ठेवलं,
मृत्यूला वाटावं, या घरात न्यायला काही नाही.
मृत्यू ऐंशी वर्षं फसला.
वहीसुद्धा फसली.

तघरीद मॅडम, सोहागच्या, आमच्या इन्स्पेक्टर,
कान ब्रशनं झाडतात,
शेजारी काळी-पांढरी पट्टी ठेवतात, दहा सेंटिमीटरची.
"रईस, सावली."
मी सरकतो.
सरकताना ओठांवर येतं:
पट्टी काढा, मी उभा राहतो.
बोलत नाही. साठीतला माणूस
असं काही बोलला की त्याला सावलीत बसवतात.

मग नोंदवही.
वस्तू: टोपलीचा कान. कशाचा: खजुरीचा.
काळ. इथं त्या पेन चावतात, जागा कोरी सोडतात.
"कुणाला सापडला?"
मी पूर्ण नाव सांगतो,
आपलं, बापाचं, बापाच्या बापाचं:
कनावी सादिक शहात.

रकाना अरुंद.
कनावी बसतो. सादिक अंग चोरून बसतो.
शहात रेघ ओलांडून
शेजारच्या कोऱ्या घरात जातो,
जिथं काळ लिहायचा होता.

मॅडम बघतात. खोडत नाहीत.
पान उलटतात.

तिकडे चाळणी थांबलीय, पोरं गप्पा मारतायत.
मी ओरडतो त्यांच्यावर,
रोजच्यापेक्षा जरा जास्तच.