बैठक

सात शिपाई उभे आहेत औषधाच्या बाटल्यांच्या बुचांवर,
प्रत्येकाच्या टाचेत तारेचा एक तुकडा.
करंगळीएवढी माणसं.
दोन हिवाळे लागले ओदिलाँला.
कोटाची बटणं त्याने एका केसाच्या कुंचल्याने लावली,
श्वास रोखून,
काळजाच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत.
आता त्याचा कप बशीत वाजल्याशिवाय टेकत नाही.
डॉक्टरने त्याला एक लांबलचक नाव सांगितलंय.
आम्ही ते घरात वापरत नाही.

म्हणून जमीन माझ्याकडे आली.
"नुसती बैठक तर करायचीय," तो म्हणाला.
नुसती!
बीटाच्या शेतात वाढलेल्या बाईला.

आत्याच्या पलंगाचा पाय कापून अक्रोडाचा ठोकळा काढला.
त्यावर प्लास्टर, त्यावर डिंक.
माती आणली लिन्यी गावामागच्या बांधावरून,
माझ्या भावाच्या, देझिरेच्या शेतातून.
चहाच्या गाळणीने चाळली,
ओव्हनमध्ये तासभर भाजली,
कारण मातीत किड्यांची अंडी असतात, असं ओदिलाँचं म्हणणं,
आणि करंगळीएवढ्या माणसापुढे गांडूळ म्हणजे अजगर.
दोन दिवस घराला शेताचा वास. पावालासुद्धा.
"प्रमाण विसरू नकोस," खुर्चीतून हुकूम येतो,
"वाळूचा कण म्हणजे धोंडा."
मी वाळू परत चाळते.

भांडण झालं ते पिकावरून.
त्याला हवं होतं आखूड गवत, थोडा चिखल,
एक मोडकं चाक.
मी म्हटलं, जून महिना ना? अठराशे पंधरा?
मग तिथे राय उभी होती.
आमच्या घरात अजून सांगतात,
माणूस आत शिरला की टोपीचं टोक तेवढं दिसायचं.
"म्हणजे बटणं दिसणार नाहीत."
"त्या दिवशी तरी कुणी पाहिली होती?"
सूप गार झालं. तो काही बोलला नाही.
कपाटभर पुस्तकं आहेत त्याच्याकडे,
कुठल्या पलटणीच्या कॉलरचा लाल कुठला, सगळं त्यांत आहे.
राय कुणाची होती,
ते मी शोधलं. नाही सापडलं.

मग दाराशी पडलेलं काथ्याचं पायपुसणं उसवलं.
एकेक धागा रंगवला, वाळवला,
शेंडा डिंकात बुडवून भुशात फिरवला, की झाली ओंबी.
चिमट्याने रोवत गेले.
अकराशेपर्यंत मोजले, पुढे मोजायचं सोडलं.
नऊ रात्री.
दहाव्या सकाळी पिकाने सातही जणांना गिळलं होतं.
वर टोप्यांचे शेंडे, एक संगीन, बस.

ओदिलाँ बराच वेळ वाकून बघत राहिला.
"हे आत आले कुठून? उडत?"
बरोबर होतं त्याचं.
शेतात माणूस शिरला की वाट पडते,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
चिमट्याने वाकवून पाहिले धागे,
एकाशेजारी एक, एकाच बाजूला.
वेणी घातल्यासारखी दिसायला लागली वाट.
भ्यालेली माणसं अशी चालत नाहीत.

तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली,
पिकाच्या कडेला अंगठा टेकवला.
हात थरथरत होता, नेहमीसारखाच.
या वेळी त्याने तो दुसऱ्या हाताने धरला नाही.
अंगठा रायीत शिरला.
ताटं पडत गेली,
कुठे आडवी, कुठे अर्धवट,
एखादं मागे पुन्हा उठलेलं.
मी दिवा जवळ धरला.
तिसऱ्या शिपायाच्या छातीवर
एक पितळी ठिपका चमकला.

"पुरे," मी म्हटलं.
"अजून थोडं."
"देझिरेचं पीक आहे ते. भरपाई कोण देणार?"
तो हसला,
पण हात काही उचलला नाही.